नळीच्या पलीकडं

गुरुवार आला की माझे गुडघे आधीच कुरकुरायला लागायचे. आमच्या कॉलेजचं जुनं सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि त्याची चावी फक्त कायम प्राध्यापकाच्या सहीवर मिळते. मुलं चार वाजता जमायची. त्याआधी मी ऑफिसातून चावी घ्यायची, कठड्याला धरत वर जायचं, गंजलेल्या कुलपाशी झटापट करायची आणि शेवटच्या बाकावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसायचं. बैठक माझी नव्हती. माझ्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका मुलीची होती. मी नुसता चावीवाला.

मुलगी म्हणतो, कारण ती माझीच विद्यार्थिनी. बी.ए.ला असताना पहिल्या बाकावर बसून तिनं मला प्रश्नांनी जेरीस आणलं होतं. पुढं पुण्याला गेली, एम.ए. केलं, ग्रामसभेत माणसं कशी भांडतात यावर पीएच.डी. केली, आणि एवढं सगळं करून परत आली ती आमच्याकडं तासावर शिकवायला. तासिका तत्त्व म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनला नव्यानं मुलाखत. कायम जागा निघणार, निघणार, असं मी इतकी वर्षं ऐकतोय की आता कुणी ती बातमी आणली की मी त्याला चहा पाजतो आणि विषय बदलतो. मुलाखतीला ती दर वर्षी तीच निळी फाईल घेऊन यायची, आणि आम्ही तिला ओळखत नसल्यासारखं विचारायचो, ‘स्वतःबद्दल सांगा.’

मी राज्यशास्त्राचा विभागप्रमुख. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. भवानीनगरला घर, बायकोला मधुमेह, मला रक्तदाब, आणि अंगात एक असा शीण मुरलेला की रविवारी झोपूनही उतरायचा नाही. शिकवण्याचा कंटाळा नव्हता. कंटाळा होता तो शिकवण्याखेरीज जे जे करावं लागतं त्याचा. मूल्यांकन समिती येणार म्हणून फायली, फायलींसाठी पुरावे, पुराव्यासाठी फोटो. वृक्षारोपण एकदा होतं, त्याचे फोटो चार फायलींत लागतात.

तिच्या बैठकीचं खूळ मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडलं. तिचं घर वडगाव निंबाळकरला. तिथं तिचे आजोबा बांधाची भांडणं मिटवायला जायचे. सख्ख्या भावांचं असो की शेजाऱ्यांचं, म्हाताऱ्याची एकच पद्धत. दोघांनी बांध ओलांडून एकमेकांच्या रानात उभं राहायचं आणि तिथून समोरच्याची तक्रार आपल्या तोंडानं सांगायची. समोरचा ‘व्हय, असंच म्हणायचं हाय मला,’ असं म्हणेपर्यंत स्वतःचं एक अक्षर बोलायचं नाही. म्हातारा म्हणे तोवर बांधावर बसून तंबाखू मळत राहायचा, आणि कधी कधी दिवस मावळायचा.

तिनं हीच पद्धत आमच्या सभागृहात आणली. बांध कुठून आणणार, म्हणून घरून ठिबकची एक जुनी काळी नळी आणली आणि फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टाकली. विषय ठरायचा, मुलं दोन बाजूंना उभी राहायची. ज्याला खोडून काढायचं असेल त्यानं आधी नळी ओलांडून पलीकडं जायचं आणि तिथून पलीकडच्यांचं म्हणणं सांगायचं. पलीकडच्यांनी मान्य केलं तरच परत येऊन आपलं बोलायचं. दाराशी एक दुधाची रिकामी किटली ठेवलेली असायची, तिच्यात सगळ्यांनी मोबाइल टाकायचे. तीही घरूनच आणलेली. पहिले दोन महिने मोबाइलला दुधाचा वास यायचा म्हणून पोरी कुरकुरत होत्या.

सुरुवातीचे विषय किरकोळ होते. उसाऐवजी डाळिंब लावावं का, पोरीनं गाडी चालवत कॉलेजला यावं का. मुलं आधी हसायची. पलीकडं जाऊन समोरच्याची टिंगल करायची. मग समोरचा मान हलवायचा, “न्हाय, असं न्हाय म्हणालो मी.” पुन्हा सांग. पुन्हा न्हाय. तिसऱ्या खेपेला हसू जायचं आणि कपाळाला आठ्या पडायच्या, आणि मग तो पोरगा पहिल्यांदाच समोरच्याकडं नीट बघायचा. पुढं पुढं तिनं अवघड विषय घेतले. आरक्षण घेतलं. गावच्या वेशीवर कुणाचा पुतळा असावा हे घेतलं. भोंगे घेतले. त्या त्या दिवशी मी उत्तरपत्रिका बाजूला ठेवून दाराकडं डोळे लावून बसायचो, आज डोकी फुटणार म्हणून. फुटली नाहीत. एकदा एक पोरगा रडला आणि एकदा एक पोरगी चिडून निघून गेली. पुढच्या गुरुवारी दोघंही आले.

मी तिला एकदा म्हणालो, “अगं, याचं तुला काय मिळतं? ना तास मोजतात, ना पगार. एवढ्या वेळात दोन शोधनिबंध लिही, मुलाखतीला उपयोगी पडतील.”

ती म्हणाली, “सर, लिहिते की. रात्री लिहिते.” आणि नळी गुंडाळायला लागली.

मार्च महिन्यात कालव्याचा विषय आला. तो यायचाच होता. आमच्याकडं निम्मी मुलं बारामतीकडची, पणदऱ्यापासून इकडली, ज्यांच्या रानाशेजारून कालवा जातो. निम्मी इंदापूरकडची, कालव्याच्या शेवटाला असलेल्या गावांतली. त्या गावांना सगळे टेलची गावं म्हणतात. उन्हाळ्याचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटली की वरचे आणि खालचे यांच्यात जे होतं ते कुणाला सांगायला नको. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला शिव्या, रात्रीची राखण, एखाद्या वर्षी मारामारी.

त्याच आठवड्यात आमच्या प्राचार्यांनी फर्मान काढलं होतं की प्रत्येक उपक्रमाचा व्हिडिओ पुरावा फाईलला लागेल, नुसते फोटो चालणार नाहीत. त्यासाठी प्रसिद्धी विभागाचा एक विद्यार्थी स्टँड घेऊन आमच्याकडं आला. ती म्हणाली, “मोबाइल किटलीत.” तो म्हणाला, “मॅडम, प्राचार्य सरांनी पाठवलंय, जिओटॅगसकट पायजे, कुठं काढला ते दिसलं पायजे.” तिनं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. फायलीपुढं कुणाचं काय चालतं? त्याचा एकट्याचा मोबाइल बाहेर राहिला.

तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी पहिला उठला. टेलच्या गावचा, दणकट, थोडा तोतरा, आणि म्हणूनच वर्गात कधी न बोलणारा. त्यानं नळी ओलांडली आणि वरच्यांच्या बाजूनं बोलायला लागला.

“कालवा काढला तवा जमिनी आमच्या गेल्या. आमच्या आज्यांनी दिल्या. खाली पाणी सोडलं की निम्मं वाटंतच मुरतं. टेलचे लोक पाणी येतंय म्हणून बघत बसत्यात, हिरी खोल करत न्हायत, आणि ऊसच लावत्यात. मग आमी आमचं पीक जाळून त्यांना का द्यायचं?”

समोर पणदऱ्याची एक पोरगी उभी होती. ती म्हणाली, “व्हय. असंच म्हणायचं हाय मला. मला पण इतकं नीट न्हाय सांगता येत.”

मग ती इकडं आली आणि टेलचं बोलली. पाळी कागदावर येते, रानात येत नाही. वरच्यांनी कालव्याची दारं फोडली की खाली यायला नुसती ओल उरते. पाण्याच्या भरवशावर लेकींची सोयरीक ठरते आणि पाण्यापायी मोडते. हे शेवटचं तिनं कुठून आणलं कोण जाणे. तो पोरगा खाली बघत होता. “व्हय,” म्हणाला, तेही अडखळत.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी बरीच भाषणं ऐकली. त्या दिवशी मात्र मला शिक्षक असल्याचं बरं वाटलं. एकही उत्तरपत्रिका तपासून झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पीत असताना फोन वाजायला लागला. प्रसिद्धीच्या त्या विद्यार्थ्यानं व्हिडिओतला एक तुकडा स्वतःच्या स्टेटसला ठेवला होता. त्याला वाटलं, तोतरा पोरगा काय जोरात बोलला, कौतुक करावं. त्याच्या मनात पाप नव्हतं. पण तुकड्यात नळी दिसत नव्हती. एवढंच दिसत होतं की टेलच्या गावचा पोरगा कॉलेजात उभा राहून म्हणतोय, टेलचे लोक पाण्याची वाट बघत बसतात, आमी आमचं पीक जाळून त्यांना का द्यायचं. दुपारपर्यंत तो त्याच्या गावच्या ग्रुपवर गेला. संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला गेलेल्या त्याच्या बापाला कुणीतरी विचारलं, “काय तात्या, पोरगं वरच्यांनी दत्तक घेतलं जणू?”

शनिवारी तात्या कॉलेजात आले. बरोबर गावातले तिघे. प्राचार्यांच्या केबिनमध्ये खुर्च्या असून एकही बसेना. प्राचार्यांनी मला बोलावलं, मी मॅडमना. तात्या उंच, वाळलेले, आणि आवाज असा की बाहेरच्या शिपायानं दार लावून घेतलं.

“आमी पोरगं हितं शिकायला धाडलं का बापाला शिव्या द्यायला? गावात तोंड दावायची सोय ठिवली न्हाय. कोण ती मॅडम?”

“मी,” ती म्हणाली. “तात्या, बसा. तुमचं म्हणणं मला नीट कळलं का बघू द्या. तुमचं म्हणणं असं हाय, की तुमी जन्मभर टेलच्या पाण्यासाठी भांडला, पोरगंच सांगत व्हतं. मोर्च्याला गेला, पाटकऱ्याच्या दारात बसला. आणि तुमच्याच पोराच्या तोंडून ह्ये ऐकायला मिळालं. पोरगा चुकला म्हणून राग न्हाय. आमी त्याला चुकवला आणि गावात तुमाला एकटं पाडलं, म्हणून राग हाय. असंच ना?”

मागचा एकजण खाकरला.

“व्हय,” तात्या म्हणाले. “असंच.” आणि बसले.

मग तिनं सगळं सांगितलं. नळी, बांध, आजोबा. पणदऱ्याच्या पोरीनं टेलची बाजू कशी मांडली तेही. तात्यांनी विचारलं, “मग तिचा व्हिडिओ कुठाय?” मी म्हणालो, “फाईलमध्ये आहे.” तो त्यांना दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला. रागातच उठले, पण जाताना मॅडमना म्हणाले, “पोरीचा बी पाठवा की मग ग्रुपला. एकाच बैलाला का पळवताय?”

मला वाटलं, मिटलं. कॉलेजात मात्र ते तिथून पुढं सुरू झालं. संस्थेच्या एका संचालकांना कुणीतरी तोच तुकडा पाठवला होता. वरचे दुखावले नव्हते, खालचे परत गेले होते, पण संचालकांना ‘कॉलेजचं नाव खराब’ झाल्यासारखं वाटत होतं. प्राचार्य वाईट माणूस नाहीत. त्यांना वरून फोन आला की घाम फुटतो, एवढंच. त्यांनी मला बोलावून पंखा मोठा केला आणि म्हणाले, “सर, बैठक बंद करायची आणि तिनं एक दिलगिरी द्यायची. एवढं केलं तर जूनमध्ये तिचे तास तिलाच. नाहीतर माझा नाइलाज आहे, दुसरे उमेदवार आहेतच. तुम्हीच समजवा तिला, तुमचं ऐकेल ती.”

मी बरं म्हणालो. मला खरंच वाटत होतं की तिनं ऐकावं. तिचं वय काय, पुढं किती वर्षं काढायचीत. बैठक काय, आज नाही उद्या. नोकरीच राहिली नाही तर बैठक घेणार कुठं? शिर सलामत तर पगडी पचास, हे मी घोकत घोकत रविवारी मोटारसायकल काढली.

बारामती ओलांडून पणदऱ्यावरून वडगावला गेलो. चार वाजून गेले तरी ऊन मी म्हणत होतं. तिच्या घरी गोठ्यात गाईंची धार चालू होती आणि ती स्वतः बादली धरून होती. मला बघून हात धुऊन आली. आईनं अंगणात खुर्ची टाकली, पाणी दिलं आणि चहाला आत गेली. मी घसा साफ केला.

“सर,” ती म्हणाली, “तुम्ही कशाला आलात ते कळलंय. आधी मी प्राचार्यांचं म्हणणं सांगते. बरोबर असलं तर हो म्हणा.”

“अगं, हे काय सभागृह आहे का?”

“सांगू तर द्या.” ती पायरीवर बसली. “त्यांचं म्हणणं असं, की कॉलेजात पाच हजार पोरांचे आईबाप विश्वासानं पोरं पाठवतात. उद्या खरंच मारामारी झाली तर पोलिसांना उत्तर त्यांनी द्यायचं, मी नाही. मी आज आहे, उद्या पुण्याला जाईन. संस्था मात्र इथंच राहणार. एका बैठकीसाठी सगळ्यांना धोक्यात का घालायचं? आणि दिलगिरीनं कुणाचं काही जात नाही.”

प्राचार्यांना स्वतःलाही इतकं नीट सांगता आलं नव्हतं. “हो,” मी म्हणालो. “असंच म्हणायचं आहे त्यांना.”

“आता माझं सांगा.”

मी सांगितलं. सांगता आलं, कारण दोन वर्षं मी त्या बाकावर बसलो होतो. म्हणालो, तुझं म्हणणं असं, की चूक बैठकीत झाली नाही, तुकड्यात झाली. दिलगिरी दिलीस तर त्या पोराला असं वाटेल की तो पलीकडं गेला हाच गुन्हा होता. तो आत्ता कुठं बोलायला लागलाय. नोकरी तुलाही हवीय, तू काही संत नाहीस, पण त्याच्या तोंडात पुन्हा बोळा कोंबून मिळणारी नको.

तिचे डोळे भरले. “हो,” म्हणाली. “असंच म्हणायचं आहे मला.” थोडा वेळ गाईच्या कानावरच्या माश्यांकडं बघत राहिली. मग अगदी साधेपणानं विचारलं, “आणि तुमचं, सर?”

मी खुर्ची सावलीत सरकवली. मी प्राचार्यांचं घेऊन आलो होतो, तिचं मला पाठ होतं. माझं म्हणून जे होतं ते एवढंच, की मी दमलोय आणि हे सगळं माझ्या निवृत्तीनंतर झालं असतं तर बरं झालं असतं. हे काही पायरीवर बसलेल्या पोरीला सांगायचं म्हणणं नव्हे. तेवढ्यात तिची आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, “सर, हिला जरा सांगा, लग्नाचं बी बघायला पायजे.” आम्ही दोघंही हसलो. मी चहा संपवला आणि निघालो. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि म्हणून मला जास्त त्रास झाला.

तिनं दिलगिरी दिली नाही. बैठक बंद झाली, कारण चावी ऑफिसातून मिळेना. एप्रिल, मे गेला. मी पेपर तपासले, फायली भरल्या, बायकोला डॉक्टरकडं नेलं. तो प्रश्न काही गेला नाही. पेपर तपासताना विद्यार्थ्यानं पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवलं की मी लाल शाईनं लिहितो, ‘स्वतःचे मत?’ त्या उन्हाळ्यात ते लिहिताना प्रत्येक वेळी हात थबकायचा.

जूनच्या मुलाखतीला आम्ही तिघं होतो. प्राचार्य, ते संचालक आणि मी. ती निळी फाईल घेऊन आली, उत्तरं दिली, गेली. दार लागल्यावर संचालक म्हणाले, “हिला सोडून पुढं बघू.” प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही.

मी म्हणालो, “आधी तुमचं म्हणणं मी सांगतो.” ते जरा चमकले. मी सांगितलं, कॉलेजचं नाव, आईबापांचा विश्वास, पोलीस, सगळं. संचालक म्हणाले, “बरोबर, अगदी बरोबर.” मग मी माझं सांगितलं. म्हणालो, तो व्हिडिओ आपल्याच फायलीसाठी काढला. नियम तिचा होता मोबाइल किटलीत टाकायचा, तो आपण मोडला. त्या वेळी सभागृहात वडीलधारा मी होतो, चावी माझ्या सहीची होती, तेव्हा विचारायचं असेल तर मला विचारा. आणि तिला आज घालवलंत तर मुलं यातून एकच शिकतील, की जो समोरच्याची बाजू आपल्या तोंडानं सांगायला लावतो तो जातो. मग आपण इथं कितीही राज्यशास्त्र शिकवलं तरी बाहेर मुलं फक्त आपल्या आपल्या बाजूनं ओरडतील. मला ती हवीय, आणि बैठकही हवीय.

संचालकांनी घड्याळ बघितलं. “सर, तुमच्या भावना समजल्या,” म्हणाले. “दोन वर्षं राहिलीत ना? आरामात काढा.” आणि पुढच्या उमेदवाराला आत बोलवायला सांगितलं.

तिचे तास गेले. मी तिला फोनवर सांगितलं. तिनं विचारलं, “तुमचं म्हणणं सांगितलंत?”

“सांगितलं.”

“त्यांनी परत म्हणून दाखवलं?”

“नाही.”

“मग झाली कुठं बैठक,” ती म्हणाली, आणि हसायचा प्रयत्न केला. पुढं तिला इंदापूरकडं एका कॉलेजात तास मिळाले, इथल्यापेक्षा कमी. वडगावहून दोन एसट्या बदलून जाते. गुरुवारी तिला तिथं सकाळपासून तास असतात.

कॉलेज सुरू झालं तेव्हा प्रवेशाच्या गर्दीत तात्या दिसले. पोराला एम.ए.ला घालायला आले होते. मला पाहून गर्दीतून सरळ माझ्याकडं आले. पोरगा मागं.

“मॅडम कुठायत?”

मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. “माज्या वरडण्यानं गेल्या व्हय?”

“नाही तात्या. तुमचं तर मिटलं होतं.”

“मग तुमी व्हता ना तितं? तुमी काय बोलला?”

मला वाटलं, द्यावं काहीतरी उत्तर आणि सुटावं. कारकून हाका मारत होता, पाय दुखत होते. पण पोरगा माझ्याकडं बघत होता. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो आणि केबिनमध्ये बोललो ते सगळं पुन्हा बोललो.

तात्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “थांबा. मला कळलं का बघू द्या. तुमचं म्हणणं असं, की मॅडम चांगल्या हायत, त्यांना काढू नका.”

“नाही तात्या. तेवढंच नाही.”

त्यांनी पोराकडं बघितलं. पोरानं हातानं दाखवलं, पुन्हा सांगा. तात्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, तशाच, सभागृहात तिसऱ्या खेपेला पोरांना पडायच्या तशा.

“मग असं. दुसऱ्याच्या रानात उभं ऱ्हाऊन बोलला म्हणून माणूस घालवला, तर उद्या कोण बांध वलांडणार न्हाय. वरचे वर वरडतील, खालचे खाली. आणि चावी तुमची व्हती, तवा बोल लावायचा तर तुमाला लावायचा. आसंच?”

मी उठून तात्यांचा हात दोन्ही हातांत धरला. म्हाताऱ्या माणसाला व्हरांड्यात, गर्दीत, हे शोभत नाही. पण जूनपासून मी कुणाकडून तरी हे ऐकायची वाट बघत होतो, आणि ज्याच्याकडून आलं त्याच्याकडून येईल असं वाटलं नव्हतं.

“व्हय, तात्या,” मी म्हणालो. “असंच म्हणायचं हाय मला.”

“मग गुरुवारी उघडा की सभागृह,” तात्या म्हणाले. “चावी तुमचीच हाय न्हवं?”

गुरुवारी मी ऑफिसात जाऊन रजिस्टर मागितलं. कारकून म्हणाला, “सर, प्राचार्यांना विचारायला लागंल.” मी म्हणालो, “विचार. तोवर मी सही करतो.” सही केली आणि हात पुढं केला. त्यानं एकदा केबिनच्या दाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि चावी दिली. कठड्याला धरत वर गेलो. कुलपाशी झटापट केली. नळी तिनं गुंडाळून ठेवली होती तिथंच कोपऱ्यात होती, धुळीनं भरलेली. गुडघे कुरकुरत होते तरी वाकून मी ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टाकली, आणि त्या दिवशी मागच्या बाकावर बसलो नाही.